एच, जे, के, एल : चार कळांचा इतिहास

विम किंवा निओव्हिम वापरणारा मुरलेला प्रोग्रामर मजकुरात फिरताना बाणांच्या कळांना सहसा हात लावत नाही. एच दाबला की कर्सर डावीकडे, जे दाबला की खाली, के वर आणि एल उजवीकडे. नवख्याला हा निव्वळ हट्ट वाटतो. प्रत्यक्षात ती १९७० च्या दशकातील एका यंत्राची खूण आहे, आणि तिचा माग काढत गेले की वाट कॅलिफोर्नियातून नेदरलँड्समार्गे युगांडातील एका गावात पोहोचते.

आधी कागदाचा काळ. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स आकाराला येत असताना केन थॉम्पसन यांनी 'एड' नावाचा एडिटर लिहिला. तेव्हा संगणकाशी बोलायचे ते टेलिटाइपवरून. जे काही उमटे ते कागदाच्या गुंडाळीवर. साहजिकच एड संपूर्ण पान समोर ठेवत नसे. अमुक ओळ छाप, तमुक शब्द बदल, अशा त्रोटक आज्ञा द्यायच्या आणि उरलेला मजकूर डोक्यात धरून ठेवायचा. आज्ञा चुकली तर उत्तरादाखल एक प्रश्नचिन्ह मिळे. नेमके काय चुकले, हे ज्याचे त्याने ओळखायचे.

पडद्याची टर्मिनले आली, तरी एडचा स्वभाव बदलला नाही. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कूलूरिस यांनी १९७६ मध्ये त्यात भर घालून 'एम' तयार केला. 'एडिटर फॉर मॉर्टल्स', म्हणजे मर्त्य मानवांसाठीचा एडिटर. नावातला टोमणा उघड होता. त्याच उन्हाळ्यात ते बर्कली विद्यापीठात गेले, आणि तेथे एम हा बिल जॉय नावाच्या तरुण विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडला. जॉय आणि त्यांचे सहकारी चक हेली यांनी त्यावरून पुढे 'एक्स' घडवला. या एक्सची पडदाभर मजकूर दाखवणारी 'व्हिज्युअल' अवस्था म्हणजेच 'व्हीआय'.

आता त्या चार कळांकडे वळू. जॉय यांच्यासमोर लिअर सीग्लर कंपनीचे एडीएम-३ए हे टर्मिनल होते. त्याच्या कळफलकावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या; चारही बाण एच, जे, के आणि एल यांच्यावरच कोरलेले होते. ही निवडही लहरीतून आलेली नव्हती. आस्की संकेतावलीत कंट्रोल आणि एच मिळून 'एक अक्षर मागे' ही खूण होते, तर कंट्रोल आणि जे मिळून 'एक ओळ खाली'. दोन दिशा अशा आधीच ठरलेल्या होत्या. राहिलेल्या दोन दिशा शेजारच्या के आणि एल यांच्या वाट्याला आल्या. व्हीआयमध्ये घडोघडी लागणारी एस्केप कळ त्या यंत्रावर आजच्या टॅबच्या जागी, करंगळीच्या टप्प्यात होती. आज ती कोपऱ्यात गेली आहे, म्हणूनच अनेक जण सेटिंग बदलून तिला जवळ आणतात.

दुसरे कारण वेगाचे. जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करीत. त्यातून सेकंदाला सुमारे ३० अक्षरे येत. २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे असा पडदा धरला, तर तो एकदा पुरता भरायला मिनिटाहून अधिक वेळ लागणार. अशा परिस्थितीत एका अक्षराची आज्ञा ही चैन नसून गरज होती. 'डी' आणि 'डब्ल्यू' दाबून एक शब्द पुसण्यात आज जे चापल्य दिसते, ते मूळचे मंद तारेवरचे काटकसरीचे शास्त्र आहे.

व्हीआय बर्कलीच्या युनिक्ससोबत विद्यापीठांमध्ये झपाट्याने पसरला. पण त्याच्या पायात एक बेडी होती. त्याचा कोड एडवर उभा होता आणि एड एटी अँड टीच्या मालकीचा. युनिक्सचा परवाना नसेल, तर व्हीआयचा सोर्स कोड वाटता येत नसे. ही गाठ थेट २००२ मध्ये सुटली. तोवर घरगुती संगणकांसाठी नकला करणे एवढाच मार्ग उरला होता. १९८७ मध्ये टिम थॉम्पसन यांनी अटारी एसटीसाठी 'स्टीव्ही' लिहिला. पुढच्याच वर्षी ब्राम मूलेनार या डच प्रोग्रामरने आपल्या अमिगा संगणकासाठी स्टीव्हीचाच कोड हाती घेतला.

१९९१ मध्ये 'विम' प्रथम जाहीरपणे वाटला गेला, तोही अमिगाच्या फ्लॉपींवरून. (भारतीय वाचकाला या नावाने भांडी घासण्याची वडी आठवेल; त्याला इलाज नाही.) आधी 'व्हीआयची नक्कल' असा अर्थ असलेले हे लघुनाम दोनच वर्षांत 'सुधारलेला व्हीआय' असे वाचले जाऊ लागले.

१९९४ मध्ये मूलेनार दक्षिण युगांडातील किबाले या गावी गेले आणि तेथील मुलांच्या केंद्रात वर्षभर पाणी व स्वच्छतेचे अभियंता म्हणून राहिले. एड्सने तो परिसर पोखरला होता. आईवडील गमावलेल्या मुलांचा भार थकल्याभागल्या नातेवाइकांवर पडला होता. परतल्यावर त्यांनी 'आयसीसीएफ हॉलंड' ही संस्था उभी केली आणि विमचा परवानाच तिच्याशी जोडला. विम फुकट वापरा, वाटा. द्यायचेच असेल, तर या मुलांसाठी द्या. रिकामा विम उघडताच युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याची विनंती दिसते, ती याच कारणाने. (तिच्यापुढे बाहेर पडण्याची आज्ञाही छापलेली असते. तरीही 'विममधून बाहेर कसे पडावे' हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला!)

एवढा मोठा प्रकल्प एकाच माणसाच्या संमतीवर चालावा, हे सर्वांना रुचले नाही, आणि ती तक्रार अगदीच अनाठायी नव्हती. थियागो दे अरुदा यांनी सुचवलेला मोठा अंतर्गत बदल स्वीकारला गेला नाही, तेव्हा २०१४ मध्ये त्यांनी विमच्याच कोडमधून निओव्हिमची वेगळी चूल मांडली. त्या स्पर्धेने विमलाही हलवले. २०१६ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत, पाठीमागे कामे चालू ठेवण्याची सोय विममध्येही आली. वेगळे होतानाही निओव्हिमने आपल्या पहिल्या पडद्यावर युगांडाची ती ओळ मात्र कायम ठेवली.

३ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, मूलेनार यांचे निधन झाले. विमची सूत्रे क्रिस्टियान ब्राबांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे आली. २ जानेवारी २०२४ रोजी त्यांनी ९.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली आणि ती ब्राम मूलेनार यांना अर्पण केली.