हिमनद्यांच्या कडेचा रस्ता

कॅनडाच्या पश्चिम भागांत, रॉकी पर्वताच्या कुशींत, लेक लुईज आणि जॅस्पर या दोन गांवांस जोडणारा सुमारें २३० किलोमीटरांचा एक रस्ता आहे. बो, पेटो यांसारखीं सरोवरें आणि सडकेवरूनच दिसणारी अथाबास्का हिमनदी पाहावयास देशोदेशींचे हौशी प्रवासी येथें येतात. हौसेच्या या रस्त्याचा जन्म मात्र भुकेपोटीं झाला.

त्यापूर्वीं येथें घोड्यांवर सामान लादून वाटाड्यामागें चालणाऱ्यांचेंच काय तें जाणेंयेणें. १८९८ सालीं कॉली व वूली हे गिर्यारोहक अथाबास्का शिखरावर पोहोंचले, तेव्हां पलीकडे कोलंबियाचें अफाट हिमक्षेत्र त्यांच्या दृष्टीस पडलें. त्याचें पाणी पॅसिफिक, आर्क्टिक आणि हडसन उपसागरावाटे अटलांटिक अशा तीन महासागरांस मिळतें.

१९२९ च्या अरिष्टानंतर गव्हाचे भाव कोसळले, कारखाने थंडावले आणि लाखों हात रिकामे झाले. १९३१ सालीं सरकारनें या रस्त्याचें काम दोन्ही टोकांकडून हातीं घेतलें. यंत्रें थोडीं आणि माणसें पुष्कळ, हा हिशेब बुद्ध्याच धरलेला होता. रस्ता झटपट उरकला असता, तर तो करणारेच पुन्हां रस्त्यावर आले असते! कुदळ, फावडें व घोडे यांच्या बळावर डोंगर फोडले गेले. त्या काळच्या सरकारी छावण्यांतून अविवाहित बेकारांस अन्न, वस्त्र, निवारा आणि दिवसाकाठीं २० सेंट मिळत. एवढ्यावर माणूस जगे. संसार मांडण्याचें नांव नको. १९३९ सालीं दोन्ही बाजूंच्या टोळ्या एकमेकींस भेटल्या आणि १९४० सालीं रस्ता खुला झाला. तो अरुंद व खडीचा होता. आजचें रुंद रूप त्यास १९६० च्या सुमारास आलें.

सरोवरांचा तो निळाहिरवा रंग म्हणजे हिमनदीनें दळलेल्या खडकाचें पीठ. तें पाण्यांत तरंगत राहतें व त्यावर प्रकाश विखुरतो. दळणारी ही हिमनदी मात्र आटत चालली आहे. १८४४ च्या सुमारास अथाबास्काचें बर्फ आजच्या सडकेपलीकडेपर्यंत पोहोंचलें होतें. तेव्हांपासून तें दीड किलोमीटरहून अधिक मागें हटलें. त्या बेकारांनीं येथें खडी पसरली, तेव्हां बर्फाची कड सडकेपासून आजच्याइतकी दूर नव्हती. आतां तेथवर जाणाऱ्या पाऊलवाटेवर जुन्या सालांच्या पाट्या रोवल्या आहेत, आणि प्रत्येक पाटीपाशीं पायांखालीं उघडे दगडच लागतात.