प्रामाणिक आणि इमानी

धन्याच्या दाराशीं रात्रभर जागणाऱ्या कुत्र्यास मराठी मनुष्य इमानी म्हणतो. प्रामाणिक म्हणत नाहीं. उलट, जो वाणी मापांत मारीत नाहीं त्यास तो प्रामाणिक म्हणतो. इमानी म्हणावें असें त्याच्या मनांतही येत नाहीं. दोन्ही विशेषणें सद्गुणाचींच. मग हा भेद कां, याचें उत्तर त्या शब्दांच्या इतिहासांत सांपडतें.

‘धर्म’ या शब्दापासून जसें ‘धार्मिक’, तसें ‘प्रमाण’ या शब्दापासून ‘प्रामाणिक’ झालें. संस्कृतांत ‘मा’ या धातूचा अर्थ मापणें. म्हणून प्रमाण म्हणजे माप. पुढें ज्याच्या योगानें ज्ञानाचा खरेखोटेपणा ठरवावयाचा, त्या साधनासही प्रमाण म्हणूं लागले. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें सांगितलीं आहेत. अशा प्रमाणाचा आधार ज्यास आहे तें प्रामाणिक. हिंदींत हा अर्थ अद्याप कायम आहे. हिंदी लेखक ‘प्रामाणिक ग्रंथ’ म्हणतो, तेव्हां ग्रंथकाराच्या नीतीशीं त्यास कर्तव्य नसतें. ग्रंथ विश्वसनीय आहे एवढेंच सांगावयाचें असतें. मराठी, गुजराती व कन्नड या शेजारच्या भाषांत मात्र हा शब्द पुस्तकाकडून माणसाच्या वर्तनाकडे वळला. ज्याचें बोलणें प्रमाण मानावें तो प्रामाणिक, आणि ज्याचा व्यवहार पडताळून पाहतां खरा उतरतो तोही प्रामाणिक. ग्रंथाच्या वर्णनासाठीं मराठीनें ‘प्रमाणभूत’ हा निराळा शब्द ठेवला.

‘इमान’ हा शब्द मूळचा अरबी असून फारसीच्या द्वारें तो मराठींत आला. त्याचा मूळ अर्थ धर्मावरील श्रद्धा. अमीन हा अधिकारी आणि अमानत, म्हणजे विश्वासानें सोंपविलेली ठेव, हे शब्दही त्याच कुळांतले. या अमानतेचींच अक्षरें उलटसुलट होऊन मराठी ‘अनामत’ झाली. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनीं राज्यव्यवहारकोश करविला व कारभारांतील फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देवविले. तरी बोलण्यांतून इमान गेलें नाहीं. मात्र देवावरील श्रद्धेचा अर्थ मागें पडून धनी व चाकर यांच्या नात्यास तो शब्द चिकटला. इमानास जागणें, खाल्ल्या मिठास जागणें, आणि उलट बाजूनें बेइमान व निमकहराम हे सर्व प्रयोग त्या नात्यांतूनच अर्थ घेतात.

तात्पर्य, इमानास धनी लागतो आणि प्रामाणिकपणास पुरावा लागतो. चोराचा साथीदार चोराशीं इमानी असूं शकेल. त्यास प्रामाणिक कोणी म्हणणार नाहीं.

एऱ्हवीं हे दोन्ही गुण एकाच माणसाच्या ठिकाणीं सुखानें नांदतात. कसोटीचा प्रसंग येतो तो त्यांच्यांत विरोध पडल्यावर. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पुण्याच्या शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव पेशवेपदावर आले. रामशास्त्री प्रभुणे हे त्या वेळीं न्यायाधीश होते. गादीवर बसलेल्या धन्याशीं इमान राखावयाचें, एवढाच विचार त्यांनीं केला असता, तर मौन सोयीचें होतें. त्यांनीं चौकशी केली, रघुनाथरावांस दोषी ठरविलें आणि अधिकार सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. महाराष्ट्रानें त्यांची आठवण ठेवली ती इमानी सेवक म्हणून नव्हे, तर निःस्पृह न्यायाधीश म्हणून. निःस्पृह म्हणजे ज्यास कशाची हांव नाहीं तो. ज्यास धन्याकडून कांहीं मिळवावयाचें असतें, त्याच्या हातून माप सरळ धरलें जात नाहीं. म्हणून हा तिसरा शब्दही प्रामाणिकपणाच्याच शेजारीं बसतो.

अलीकडे ‘माझें प्रामाणिक मत’ असा प्रयोग वारंवार ऐकूं येतो. त्यांत ‘प्रामाणिक’ याचा अर्थ मनापासूनचें एवढाच उरला आहे. मत मनापासूनचें आहे असें सांगितलें, कीं त्याचा आधार विचारणें अनेकांस असभ्यपणाचें वाटतें. वास्तविक तो आधार विचारण्याचा अधिकार ऐकणारास त्या शब्दानेंच दिलेला आहे. मापून घ्या, असें वाण्यानें गिऱ्हाइकास म्हणावें, तसेंच तें बोलणें आहे. आणि तागडी पुढें करण्याची तयारी ज्याची नसेल, त्यानें आपल्या मतास दुसरें एखादें विशेषण शोधावें.