चांद्याच्या पायाखाली

घर बांधायला काढले की मालक गवंड्याला विचारतो, "पाया किती खणायचा?" आणि गवंडी सांगतो, "कडक लागेपर्यंत." माती संपून मुरूम किंवा दगड लागला, पहार आपटल्यावर टणक आवाज आला, म्हणजे 'कडक लागले'. मग चर भरायला घ्यायचा. हा नियम कोणत्याही पुस्तकातून आलेला नाही. बेलदार, वडार आणि गवंडी यांच्या कितीतरी पिढ्यांचा अनुभव त्यात साठलेला आहे. तो नियम कुठे बरोबर ठरला, कुठे अपुरा पडला आणि कुठे तर चक्क फसला, हे पाहायचे असेल तर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांइतकी चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

चंद्रपूर म्हणजे जुने चांदा. परंपरा सांगते की गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने पंधराव्या शतकात इरई आणि झरपट या नद्यांजवळ हे नगर वसवले, त्याच्याभोवती कोट घालायला सुरुवात केली आणि पुढच्या राजांच्या काळात, धुंड्या रामशहाच्या कारकिर्दीपर्यंत, तो पुरा झाला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे व पाच खिडक्या असलेला हा कोट आजही शहराला वेढून आहे. त्याचे दगड जवळून पाहिले तर हाताला वाळूचे कण लागतात. हा वालुकाश्म आहे. याच प्रकारच्या खडकाला भूवैज्ञानिकांनी नागपूरजवळच्या कामठीवरून 'कामठी थर' असे नाव दिले. तो या परिसरात अनेक ठिकाणी उघडा पडलेला असल्याने दूरवरून दगड आणायचे कारण नव्हते.

गोंडकालीन कारागिरांना हा खडक किती ओळखीचा होता, याचा पुरावा शहराच्या दक्षिणेला लालपेठजवळ पडून आहे. तेथे एकेका अखंड दगडात कोरलेल्या प्रचंड मूर्ती आहेत. सर्वांत मोठी सुमारे २६ फूट लांब आणि १८ फूट रुंद आहे. रायप्पा नावाच्या एका वैश्याने मोठे मंदिर बांधण्यासाठी त्या कोरवून घेतल्या, पण मंदिर होण्यापूर्वीच तो वारला, असे सांगतात. कथेतला तपशील बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. एवढे दगड काढायचे, तर खडक पृष्ठभागाजवळ, जाड आणि भेगा नसलेला हवा. तसा तो तेथे होता. 'कडक' शोधायला खोल जावेच लागत नव्हते.

आता थोडे पूर्वेला गडचिरोलीकडे जाऊ. १९८२ मध्ये चांदा जिल्ह्यातूनच हा जिल्हा वेगळा झाला. त्याच्या बऱ्याच भागात जमिनीखाली अतिप्राचीन पट्टिताश्म, म्हणजे नाइस आणि ग्रॅनाइट आहेत. हे खडक झिजून वर मुरूम तयार होतो आणि तो सहसा काही फुटांवरच लागतो. पण येथील जंगलातल्या जुन्या घरांना चर खणून भरलेला पाया नसे. लाकडी मेढी जमिनीत रोवायच्या, बांबूचे कूड विणायचे, त्यावर माती लिंपायची. खालची जमीन बोटभर खचली तरी कुडाची भिंत थोडी वाकते आणि नवे लिंपण घेते. विटा आणि सिमेंटच्या भिंतीला वाकता येत नाही, ती तडकते. म्हणून पायाचा प्रश्न खरा अवघड झाला तो पक्क्या बांधणीची शहरे वाढू लागल्यावर.

चंद्रपूरच्या वायव्येला वरोरा-भद्रावतीकडे काळी माती आहे आणि तेथे गवंड्याचा नियम अपुरा पडतो. उन्हाळ्यात ही माती इतकी कडक होते की पहार टणकन उडते. 'कडक लागले' असे समजून तिच्यावर पाया घातला, की पावसाळ्यात तीच माती फुगते आणि भिंत उचलते. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे सूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, त्यांच्यामध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरकतात. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भिंतीतली भेग पुष्कळ शाळांतून दिसते. तिचे कारण बहुधा हेच असते.

हे वर्गात सहज दाखवता येईल. वाळवलेली काळी माती बारीक चाळून घ्यावी. दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम माती टाकावी. एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल भरावे, ढवळून हवेचे बुडबुडे जाऊ द्यावेत आणि २४ तासांनी दोन्हींतल्या मातीची उंची वाचावी. रॉकेलचे रेणू पापुद्र्यांत शिरत नाहीत, म्हणून तेथील माती फुगत नाही. पाण्यातली माती तिच्यापेक्षा ५० टक्क्यांहून अधिक भरली, तर तिच्यावर पाया घालताना सावध राहावे. अभियंत्यांची परीक्षाही हीच आहे.

यावर रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने एक उत्तम उपाय विकसित केला. ऋतूप्रमाणे होणारी मातीची हालचाल वरच्या साधारण साडेतीन मीटरपर्यंतच असते. तेवढ्या खोलीपर्यंत अरुंद भोक पाडायचे, तळाशी ते खोडाच्या अडीचपट रुंद करून घ्यायचे आणि काँक्रीट भरायचे. तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेला हा खांब वरची माती कितीही हलली तरी खाली घट्ट रुतून बसतो. म्हणजे नियम तोच राहिला, फक्त 'कडक' या शब्दाच्या जागी 'जे बाराही महिने तसेच राहते ते' असा अर्थ आला.

पण या जिल्ह्यात एक गोष्ट अशी घडली की हा सुधारलेला नियमही फसावा. कामठी थरांच्या खाली बाराकर थर आहेत आणि त्यांत दगडी कोळसा आहे. १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी कोळसाखाण सुरू झाली आणि वर्ध्याहून तिथवर लोहमार्ग आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी १८७७ मध्ये वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्राचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली, पण बल्लारपूर, चंद्रपूर आणि घुग्गुस या परिसरात खाणकाम वाढत गेले. ज्या लालपेठेत रायप्पाच्या मूर्ती आहेत, त्याच नावाची कोळसाखाणही झाली. वरचा दगड मूर्तींसाठी काढला, खालचा कोळसा आगगाड्यांसाठी.

भूमिगत खाणीत कोळशात बोगदे काढतात आणि छत पेलण्यासाठी मधे कोळशाचेच खांब ठेवतात. खाण बंद झाली की हे खांब हळूहळू झिजतात, छत कोसळते आणि पोकळी वर सरकू लागते. ती किती वर येईल याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. फुटलेला खडक अखंड खडकापेक्षा जास्त जागा व्यापतो. ही वाढ २५ टक्के धरली, तर ३ मीटर उंचीची पोकळी १२ मीटर खडक कोसळल्यावर आपोआप भरून जाते, कारण १२ चे २५ टक्के म्हणजे ३. पोकळी ६ मीटर असेल तर २४ मीटर लागतील. वर तेवढा जाड खडक नसेल किंवा पडलेला माल पाण्याबरोबर वाहून जात असेल, तर पोकळी थेट जमिनीवर उघडते.

२६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्गुसच्या अमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खड्ड्याची खोली साठ-सत्तर फूट असल्याच्या बातम्या आल्या. घरातली माणसे वेळीच बाहेर पडल्याने वाचली. वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. आजूबाजूच्या अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्या घराचा पाया चुकीचा खणला होता असे म्हणता येणार नाही. गवंड्याला 'कडक' लागलेच असणार. पण त्या कडकाच्या खाली काय आहे, हे पहारीला कळत नाही.

ते कळते फक्त नोंदींवरून. मातीचा आणि खडकाचा इतिहास थर वाचून समजतो, पण माणसाने केलेल्या पोकळीचा इतिहास नकाशातच राहतो. खाण बंद होते, कामगार पांगतात, वर गवत उगवते, मग घरे उभी राहतात. दोन पिढ्यांत गावाला विसर पडतो. खाणीचे नकाशे कचेरीत असले, तरी घर बांधणाऱ्यापर्यंत ते पोचत नाहीत, तोवर त्यांचा त्याला काही उपयोग नाही.

येथे शाळेला एक काम करता येईल. गावात विहीर, बोअर किंवा पाया खणला जात असेल तेव्हा विद्यार्थ्यांनी मोठ्यांच्या सोबतीने, कडेपासून दूर उभे राहून, किती फुटांवर काय लागले ते विचारून लिहून घ्यावे. काळी माती, पिवळी माती, मुरूम, दगड, पाणी आणि तारीख. जुन्या खाणकामगारांना बोगदे कुठवर गेले होते ते विचारावे आणि गावाच्या नकाशावर पेन्सिलने दाखवावे. दहा वर्षांत अशी एक वही भरेल. ती अभियंत्याच्या तपासणीची जागा घेणार नाही, पण तपासणी कुठे करायची हे सांगेल. आणि उद्या कुणी गवंड्याला "किती खणायचे?" असे विचारले, तर "आधी शाळेतली वही बघा" असे गावातला कुणीतरी म्हणू शकेल.