पुण्याचें उद्योग-संग्रहालय

घोले रस्त्यावरील महात्मा फुले संग्रहालय मूळचें १८९० सालीं स्थापन झालेलें उद्योग-संग्रहालय होय, हें आंत शिरणाऱ्याच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव त्यास दिलेलें होतें व प्रारंभीं तें त्यांच्याच नांवाच्या मंडईंत होतें. भाजीपाल्याच्या शेजारीं कलाकौशल्याचे नमुने! जागा विचित्र खरी, पण माणसांची वर्दळ तेथें आयती.

त्याच वर्षीं न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यांत औद्योगिक परिषद भरली. कापूस येथून विलायतेस जावा आणि त्याचेंच कापड होऊन परत यावें, अशा व्यवहारांत देश निव्वळ कच्चा माल पिकविणारा होऊन बसेल, ही त्यांची चिंता होती. चांगला नमुना डोळ्यांनीं पाहिल्यावांचून कारागिराचा हात सुधारत नाहीं. अशा संग्रहालयांचें प्रयोजन तेंच.

मंडईची गोष्ट मात्र निराळी. त्या इमारतीवर एवढा पैसा ओतण्यास नगरपालिकेंत विरोध करणारे सभासद जोतीराव फुले होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें. तें मानलें गेलें नाहीं व १८८६ सालीं मंडई उघडली. आतां मंडई काय आणि संग्रहालय काय, दोहोंवर रे साहेबांच्या जागीं जोतीरावांचें नांव आहे.