स्पिरिटला झोप येईना

१० जून २००३. स्पिरिट ही रोव्हर फ्लोरिडातून मंगळाकडे निघाली. सोबत २५६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम आणि व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यातल्या दोन सेटिंग्ज लक्षात ठेवा. फाइल सिस्टीमला रॅम कमी पडली, तर ती सगळ्यांच्या साठ्यातून हवी तेवढी उचलणार, मर्यादा नाही. आणि साठा संपला, तर मागणाऱ्या टास्कला ‘नाही’ असं न सांगता तिला जागच्या जागी थांबवून ठेवायचं. चांगल्या दिवसांत अशा सेटिंग्ज कोण कशाला उघडून बघतो!

४ जानेवारी २००४. गुसेव्ह विवरात उतरली. प्रवासाच्या सात महिन्यांतल्या फायली होत्याच, त्यांत आता रोजची भर. खोडी अशी, की फाइल पुसली तरी डिरेक्टरीतली तिची जागा आक्रसत नाही. आणि डिरेक्टरीचा सगळा आराखडा रॅममध्ये असतो. म्हणजे फ्लॅशमध्ये जागा असूनही रॅम भरत जाते.

सोल १५ (मंगळावरचा पंधरावा दिवस). जुन्या फायली साफ करणारा प्रोग्रॅम दोन भागांत पाठवला. एक भाग पोचलाच नाही. पुन्हा पाठवायचा मुहूर्त ठरला सोल १९.

सोल १८, २१ जानेवारी, सकाळ. आज्ञा मिळाल्याची पोच आली, पण अपेक्षित माहिती आलीच नाही. सिग्नल पकडणाऱ्या कॅनबेराच्या अँटेनाजवळ वादळ होतं, त्यामुळे पॅसाडेनातल्या नियंत्रण कक्षात पहिला संशय हवामानावर. नंतर रोव्हरवरच्या एका उपकरणाचा आरसा हलवणाऱ्या मोटरवर. आत वेगळंच चाललं होतं. फाइल सिस्टीमनं रॅम मागितली, साठा संपला, टास्क थांबली. देखरेख करणाऱ्या कोडनं ते पाहून रीबूट केलं. रीबूट होताच पहिलं काम काय, तर तीच फ्लॅश वाचायला घेणं. पुन्हा रॅम, पुन्हा रीबूट. असं साठाहून अधिक वेळा.

रात्र. नीट बंद व्हायलाही फाइल सिस्टीमची साथ लागते. ती अडकलेली, म्हणून रोव्हर झोपलीच नाही. बॅटरी उतरायला लागली.

२३ जानेवारी, १२:३४ (जागतिक वेळ). माद्रिदजवळच्या अँटेनाला सिग्नल सापडला. दहा मिनिटं, सेकंदाला १० बिट. सगळं मिळून साडेसातशे बाइट.

१३:२६. वीस मिनिटं, सेकंदाला १२० बिट. आता निदानाला काहीतरी हाती लागलं.

२४ जानेवारी. फ्लॅशला हात न लावता, रॅममध्येच तात्पुरती फाइल सिस्टीम मांडून बूट हो, अशी आज्ञा गेली. अशा पंगू अवस्थेत सुरू होण्याची सोय कुणीतरी आधीच करून ठेवली होती, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरा दूरदर्शीपणा तिथेच दिसतो. स्पिरिटनं ऐकलं. फ्लॅश पुन्हा फॉरमॅट व्हायला फेब्रुवारी उजाडला.

२५ जानेवारी, ०५:०५. मंगळाच्या दुसऱ्या बाजूला तिची जुळी बहीण अपॉर्च्युनिटी उतरली. सॉफ्टवेअर तेच, त्या दोन सेटिंग्जही त्याच.