नंबर एकच, १०१. पण ॲम्ब्युलन्स कुणाची? वादग्रस्त भूमीत रुग्णवाहिकेला वाट कशी मिळते?

इस्रायलमध्ये ॲम्ब्युलन्स हवी असेल तर १०१ फिरवतात. वेस्ट बँक आणि गाझात पॅलेस्टिनी लोकही १०१ फिरवतात. नंबर तोच, पण फोन उचलणाऱ्या संस्था दोन आहेत आणि दोघींच्या कामाच्या हद्दीवरून अनेक वर्षं वाद आहे.

अशा ठिकाणी रुग्णाला नेणारी गाडी पुढे जाणार की नाक्यावर थांबणार, हे फक्त ड्रायव्हरच्या हातात नसतं. त्यामागे करार असतात, परवाने असतात, नंबर प्लेटचे रंग असतात आणि बरेच फोनही असतात. हे सगळं कसं चालतं आणि कुठे अडतं, ते समजून घेऊ.

या दोन सेवा कोणत्या?

इस्रायलची सेवा म्हणजे 'मागेन दाविद अदोम'. हिब्रू भाषेत याचा अर्थ 'दाविदाची लाल ढाल'. तिची स्थापना १९३० मध्ये तेल अवीवला झाली. तिचं चिन्ह आहे लाल रंगाचा सहा कोनांचा तारा.

दुसरी सेवा 'पॅलेस्टाईन रेड क्रेसेंट'. ती १९६८ मध्ये सुरू झाली. तिचं चिन्ह लाल चंद्रकोर.

२००६ पर्यंत या दोन्ही संस्था जागतिक रेड क्रॉस चळवळीच्या पूर्ण सदस्य नव्हत्या. कारणं मात्र वेगळी होती. इस्रायली संस्थेचा लाल तारा जिनिव्हा करारांनी मान्य केलेल्या चिन्हांमध्ये नव्हता. पॅलेस्टिनी संस्थेची अडचण अशी की, सदस्य होण्यासाठी संस्था स्वतंत्र देशाची असावी लागते.

वाद नेमका कशावर होता?

चिन्हाचा वाद जास्त गाजला. जमिनीवर जास्त महत्त्वाचा होता तो हद्दीचा वाद.

१९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा ताब्यात घेतलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेमला 'व्याप्त प्रदेश' म्हटलं. इस्रायल सरकार मात्र वेस्ट बँकला 'वादग्रस्त प्रदेश' म्हणतं आणि संपूर्ण जेरुसलेम आपली राजधानी मानतं.

याचा ॲम्ब्युलन्सशी थेट संबंध आहे. रेड क्रॉस चळवळीत १९२१ पासून नियम आहे की एका संस्थेने दुसऱ्या संस्थेच्या हद्दीत तिच्या संमतीशिवाय काम करायचं नाही. पण हद्द कुठे संपते यावरच एकमत नसेल, तर संमती कुणी कुणाची घ्यायची? वेस्ट बँकमधल्या इस्रायली वसाहतींमध्ये मागेन दाविद अदोमच्या गाड्या धावत होत्या. पूर्व जेरुसलेममध्ये पॅलेस्टिनी गाड्यांना मोकळेपणाने फिरता येत नव्हतं.

त्यात सुरक्षेचा प्रश्न होता. मार्च २००२ मध्ये रामल्लाजवळ एका पॅलेस्टिनी ॲम्ब्युलन्समध्ये स्फोटकांचा पट्टा सापडल्याचा दावा इस्रायली लष्कराने केला. रेड क्रेसेंटने त्यावर शंका घेतली. पण त्यानंतर प्रत्येक तपासणीचं समर्थन करताना हाच दाखला पुढे येऊ लागला.

२००५ मध्ये काय ठरलं?

२८ नोव्हेंबर २००५ रोजी जिनिव्हात स्वित्झर्लंडच्या पुढाकाराने दोन्ही संस्थांनी सामंजस्य करारावर सह्या केल्या. सोबत प्रत्यक्ष कामकाजाचा वेगळा करारही झाला. त्यातले मुख्य मुद्दे असे:

• १९६७ मध्ये इस्रायलने व्यापलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशाला जो कायदा लागू आहे, त्यानुसार दोन्ही संस्था काम करतील. त्यात चौथा जिनिव्हा करारही आला.
• पॅलेस्टिनी प्रदेशात अधिकृत राष्ट्रीय संस्था पॅलेस्टाईन रेड क्रेसेंट असेल.
• इस्रायलच्या आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या सीमांबाहेर मागेन दाविद अदोमच्या शाखा नसतील.
• चिन्हाचा गैरवापर रोखण्यासाठी दोघी मिळून काम करतील.
• पूर्व जेरुसलेममध्ये रेड क्रेसेंटच्या पाच ॲम्ब्युलन्सना काम करता यावं, यासाठी इस्रायली संस्था आपल्या सरकारकडे पाठपुरावा करेल.

जेरुसलेम कुणाचं, हा प्रश्न या संस्थांनी सोडवला नाही. तो त्यांच्या हातातलाही नव्हता. त्यांनी मोठ्या प्रश्नाचे छोटे तुकडे केले. किती गाड्या, कुठे उभ्या राहणार, कोणतं चिन्ह, कुणाची संमती. राजकीय वाद तसाच ठेवून ज्यावर सही होऊ शकते तेवढंच त्यांनी कागदावर आणलं.

चिन्हाचा तिढाही असाच सुटला. ८ डिसेंबर २००५ रोजी लाल स्फटिक या तिसऱ्या चिन्हाला मान्यता मिळाली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर टोकावर उभी असलेली ही लाल चौकट आहे आणि तिला कोणताही धार्मिक अर्थ नाही. ठरावाच्या बाजूने ९८ मतं पडली, विरोधात २७, तर १० देश तटस्थ राहिले. जून २००६ मध्ये दोन्ही संस्था एकाच परिषदेत चळवळीच्या सदस्य झाल्या.

करारानंतर नाक्यावर काय बदललं?

काही गोष्टी बदलल्या. जेरुसलेमसाठीच्या रेड क्रेसेंटच्या गाड्यांना पुढे इस्रायली परवाना आणि पिवळ्या नंबर प्लेट मिळाल्या. इतर पॅलेस्टिनी गाड्यांची प्लेट पांढरी-हिरवी असते आणि ती लावून जेरुसलेममध्ये शिरता येत नाही.

पण वेस्ट बँकमधल्या अनेक गंभीर रुग्णांना पूर्व जेरुसलेमच्या रुग्णालयांत जावंच लागतं. कॅन्सरच्या उपचारांसाठी ऑगस्टा व्हिक्टोरिया, मोठ्या शस्त्रक्रियांसाठी मकासेद. अशा वेळी 'बॅक टू बॅक' पद्धत वापरतात.

आधी रुग्णासाठी आणि सोबतच्या नातेवाइकासाठी इस्रायली परवानगी काढायची. मग पॅलेस्टिनी प्लेटची गाडी कलंदियासारख्या नाक्यापर्यंत येते. पलीकडून जेरुसलेमची गाडी येते. दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या राहतात. तपासणी झाली की रुग्णाला एका स्ट्रेचरवरून दुसऱ्यावर घेतात. ऑक्सिजन, सलाईन, मॉनिटर सगळं काढून पुन्हा जोडायचं. व्हेंटिलेटरवरच्या माणसासाठी ही अदलाबदल धोक्याची असते. शिवाय एका रुग्णामागे दोन गाड्या अडकतात.

वसाहतींचा मुद्दाही पूर्ण सुटला नाही. कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला फिनलंडचे माजी परराष्ट्रमंत्री पॅर स्टेनबॅक यांना स्वतंत्र निरीक्षक नेमण्यात आलं होतं. पुढची अनेक वर्षं हद्दीविषयीची कलमं पूर्णपणे पाळली जात नसल्याची चर्चा चळवळीच्या बैठकांत होत राहिली.

यामागचं कारण कराराच्या रचनेतच आहे. सह्या दोन ॲम्ब्युलन्स संस्थांच्या होत्या. नाका मात्र लष्कराच्या ताब्यात, परवाने सरकारच्या ताब्यात. ज्याच्या हातात फाटक आहे, तो करारावर सही करणारा नव्हता.

कायदा काय सांगतो?

१९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार रुग्ण नेणाऱ्या वाहनांचा मान राखणं आणि त्यांचं रक्षण करणं लढणाऱ्या पक्षांवर बंधनकारक आहे. वेढलेल्या भागातून जखमींना बाहेर काढण्यासाठी स्थानिक पातळीवर समझोते करण्याचा प्रयत्न करावा, असंही चौथा करार सांगतो.

गाडीची तपासणी करायला कायद्याची बंदी नाही. विनाकारण रखडवणं आणि हल्ला करणं चूक आहे. ॲम्ब्युलन्सचा लष्करी वापर झाला तर तिचं संरक्षण जाऊ शकतं, पण त्याआधी इशारा द्यावा लागतो. सुरक्षा परिषदेने ३ मे २०१६ रोजी ठराव २२८६ मध्ये वैद्यकीय सेवांवरील हल्ल्यांचा निषेध करून हेच बजावलं.

आधी कळवलं म्हणजे गाडी सुरक्षित का?

नाही. २९ जानेवारी २०२४ रोजी गाझा शहरात हिंद रजब ही लहान मुलगी नातेवाइकांच्या मृतदेहांसोबत गाडीत अडकली होती. तिने फोनवरून मदत मागितली. रेड क्रेसेंटच्या म्हणण्यानुसार, इस्रायलशी समन्वय होऊन मार्ग ठरल्यावरच ॲम्ब्युलन्स निघाली. तेव्हा आपलं सैन्य तिथे नव्हतं, असं इस्रायली लष्कराने म्हटलं. १२ दिवसांनी हिंदचा मृतदेह सापडला. उद्ध्वस्त ॲम्ब्युलन्स आणि तिच्यातले दोन्ही कर्मचारी जवळच मृतावस्थेत मिळाले.

२३ मार्च २०२५ रोजी रफाहमध्ये इस्रायली सैन्याच्या गोळीबारात १५ जण मारले गेले. त्यात रेड क्रेसेंटचे ८, नागरी संरक्षण दलाचे ६ आणि संयुक्त राष्ट्रांचा एक कर्मचारी होता. गाड्या दिवे न लावता आल्या, असं लष्कराने आधी सांगितलं. मारल्या गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या मोबाईलमधल्या व्हिडिओत दिवे चालू दिसले. त्यानंतर लष्कराने गंभीर चुका झाल्याचं मान्य केलं आणि एका उपकमांडरला पदावरून हटवलं.

मग वाटाघाटींचा उपयोग काय?

करार नसता तर पूर्व जेरुसलेममध्ये त्या पाच गाड्याही नसत्या आणि नियम मोडल्याचं कुणाला दाखवताही आलं नसतं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीसारखे तटस्थ मध्यस्थ रोज दोन्ही बाजूंशी बोलत राहतात. एका गाडीसाठी, एका रुग्णासाठी.

अशी बातमी किंवा व्हिडिओ फोनवर आला, तर फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. गाडीच्या मार्गाबद्दल कुणी कुणाला कळवलं होतं? तो रस्ता त्या वेळी कुणाच्या ताब्यात होता? आणि गाडी अडवली की तिच्यावर हल्ला झाला? तपासणी, विलंब आणि हल्ला या कायद्याच्या नजरेत वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पोस्टमध्ये मात्र त्या बहुतेक वेळा एकच होऊन जातात.