मालवाहू रिक्षेच्या पाठीवरची रेसिंग बाइक

डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यातल्या इंडिया बाइक वीकमध्ये एप्रिलियाने आरएस ४५७ या स्पोर्ट्स मोटरसायकलची किंमत जाहीर केली : ४ लाख १० हजार रुपये. गाडीवर नाव इटालियन आहे, पण ती बनते बारामतीच्या एमआयडीसीत. तिची वंशावळ सहसा इटलीतल्या नोआले या एप्रिलियाच्या गावापासून सांगतात आणि ती देखणीही आहे. नव्वदच्या दशकात मॅक्स बियाजीने एप्रिलियावर २५० सीसी गटाची सलग तीन विश्वविजेतेपदं मिळवली. पुढे व्हॅलेंटिनो रॉसीने १९९७ मध्ये १२५ आणि १९९९ मध्ये २५० सीसीचं विजेतेपद याच कंपनीच्या गाडीवर जिंकलं. त्या काळात रस्त्यावर विकल्या गेलेल्या आरएस २५० मध्ये मात्र इंजिन जपानच्या सुझुकीचं होतं, ही गोष्ट इटालियन अभिमानाने बोलणारे जरा हळू आवाजात सांगतात. माझं म्हणणं असं, की बारामतीच्या आरएसचा इतिहास या शर्यतींपासून सुरू करणं अपुरं आहे. तिच्या मुळाशी भाजीपाला आणि सिमेंटच्या गोण्या वाहणारी ॲपे रिक्षा आहे.

हे पटण्यासाठी आधी शेजारच्या इंदापूर तालुक्यात जावं लागतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास या दुष्काळी पट्ट्यात आलं, ऊस आला, आणि १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी कळंबजवळच्या माळावर साखर कारखाना आणि वालचंदनगर उभं केलं. याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. जमीन, मजूर, यंत्रशाळा असं बरंच काही त्यांच्याकडे इंदापुरात होतं, तरी मोटारी बनल्या कुर्ल्यात. त्यात नवल नाही. तेव्हा मोटार बनवणं म्हणजे मुख्यतः क्रायस्लरचे आणि पुढे फियाटचे सुटे भाग जहाजातून उतरवून जोडणं. असा कारखाना बंदराजवळच शोभतो. म्हणजे या भागात मोटारीचा कारखाना नव्हता तो भांडवल किंवा धाडस नव्हतं म्हणून नव्हे. सुटे भाग बनवणारे जवळपास नव्हते म्हणून.

पुढच्या पन्नास वर्षांत तेच बदललं. पिंपरीत टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली. बजाजने १९७१ पर्यंत व्हेस्पा बनवली ती आज एप्रिलियाची मालक असलेल्या पियाजिओच्याच परवान्यावर, त्यामुळे या इटालियन घराण्याचं यंत्रशास्त्र पुणेरी टूलरूमना कंपनी स्वतः इथे येण्याच्या कितीतरी आधी तोंडपाठ झालं होतं. फोर्जिंग, कास्टिंग, गिअर, नळ्या, रंगकाम करणाऱ्यांचं जाळं पुण्याभोवती पसरत गेलं आणि बारामती त्या जाळ्यापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर होती. १९९८-९९ च्या सुमारास पियाजिओने इंजिनं बनवणाऱ्या ग्रीव्हजबरोबर भागीदारीत बारामतीत तीनचाकी ॲपे बनवायला घेतली. मूळ ॲपे १९४८ ची. युद्धात विमानकारखाना उद्ध्वस्त झालेल्या पियाजिओने आधी व्हेस्पा काढली आणि तिच्याच मागे हौदा जोडून ही मालगाडी केली. बारामतीत तिला ग्रीव्हजचं एक-सिलिंडरी डिझेल इंजिन बसलं. आवाज मोठा, हादरे भरपूर. पण डिझेल स्वस्त आणि भार ओढण्याची ताकद चांगली, म्हणून गावोगावच्या बाजारपेठांनी ती उचलली. काही वर्षांत भागीदार बाहेर पडला आणि कारखाना पूर्णपणे पियाजिओचा झाला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : बारामतीत जे आलं ते शरद पवारांच्या वजनामुळे आलं, त्यात उद्योगाचं तर्कशास्त्र शोधू नये. आक्षेप पोकळ नाही. भूखंड, रस्ता, पाणी, वीज यांवर राजकीय वजनाचा परिणाम होतो. पण बिहारमधल्या किंवा तेलंगणातल्या रिक्षावाल्याने बजाजची गाडी सोडून ॲपे का घ्यावी, हे कोणताही पुढारी ठरवत नाही. वजनाने कारखाना येतो. पंचवीस वर्षं टिकतो तो विक्रीवर. आणि टिकला म्हणूनच त्यावर पुढचे मजले चढले : २०१२ मध्ये व्हेस्पा, २०१६ मध्ये एप्रिलियाचं नाव लावलेली एसआर १५० स्कूटर. पियाजिओने २००४ मध्येच एप्रिलिया विकत घेतली होती, तरी ते नाव बारामतीच्या गाडीवर यायला बारा वर्षं लागली. या क्रमाकडे मी पुरावा म्हणून पाहतो. आधी रिक्षा, मग स्कूटर, मग वेगवान स्कूटर आणि शेवटी बाइक.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. आराखडा नोआलेचा, बारामतीचे फक्त हात. मग यात बारामतीचा इतिहास कुठला? गाडीची मापं पाहा. ताकद ३५ किलोवॅट, पेट्रोलसकट वजन १७५ किलो. युरोपात तरुण चालकांना मिळणाऱ्या ए-टू परवान्याची मर्यादा नेमकी ३५ किलोवॅट आणि किलोमागे ०.२ किलोवॅट आहे. भागाकार करा, गाडी मर्यादेच्या रेषेवर बरोबर उभी आहे. उलट भारतात ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींना जास्त कर बसतो, तोही सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. म्हणजे ही गाडी आपल्या बाजारासाठी मापून कापलेली नाही. कावासाकी आणि यामाहा यांनी व्यापलेल्या जागतिक गटात उतरण्यासाठी ती बनली आणि त्यासाठी बारामती निवडली गेली. निव्वळ स्वस्त मजुरी हे कारण पुरत नाही. स्वस्त हात आशियात इतरत्रही आहेत. अॅल्युमिनियमची चौकट आणि दोन सिलिंडरचं इंजिन असलेली गाडी जगभरच्या चोखंदळ गिऱ्हाइकांसाठी बनवायची तर आधीपासून घासून तयार झालेली पुरवठ्याची साखळी लागते, आणि बारामतीत ती रिक्षेने घडवली होती. आराखड्याचं श्रेय इटलीचंच, ते कोणी काढून घेत नाही. पण जपानी कारखानदारांनीही आधी साध्या, घरगुती उपयोगाच्या गाड्या विकूनच शर्यतीचा खर्च उचलला; होंडाची छोटी, साधी सुपर कब हे त्याचं उदाहरण.

बारामतीत आरएसची संख्या रिक्षांच्या तुलनेत किरकोळ आहे, हेही खरं. २०२५ मध्ये त्याच इंजिनावरची ट्युओनो ४५७ थोड्या कमी किमतीत आली, तरी ही हौसेचीच बाजारपेठ. कारखान्याचं पोट आजही तीनचाकीच भरते, आता तिच्यात डिझेलच्या जोडीला सीएनजी आणि बॅटरीही आली आहे.